फलाट चारचे बदली ड्रायव्हर

बाबांना त्या स्पीकरमधून शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला. हे त्यांनी स्वतः, माझ्या डोळ्यांत बघून, कुणी न विचारता सांगितलं.

आता हे वाक्य मी लिहिलेलंच नाही असं धरून चालू. स्पीकर अजून बनलेला नाही, प्लायवूड अजून दुकानात आहे, आणि सगळं व्यवस्थित होण्याची पूर्ण शक्यता आहे.

बाबा एकतीस वर्षं बसस्थानकात उद्घोषक होते. म्हणजे कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आणि कुठली कधीच लागणार नाही, हे माईकवरून सांगायचं. त्यांच्या केबिनच्या छतावरच एक भोंगा होता. त्यामुळे एकतीस वर्षं त्यांनी जे जे सांगितलं ते सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यांदा त्यांनीच ऐकलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांना नारळ, शाल आणि घड्याळ मिळालं. कान स्थानकातच राहिले.

अगदी ठार बहिरे नाहीत. आवाज येतो, शब्द येत नाहीत. बोलण्यातला ‘आ’ आणि ‘ओ’ घरापर्यंत पोचतो. ‘स’, ‘त’, ‘फ’ वगैरे मंडळी आधीच्या थांब्यावर उतरून जातात. कानाचं मशीन आणलं होतं. बाबांनी ते एक दिवस घातलं आणि दिवसभर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून फ्रिज ऐकला. संध्याकाळी मशीन डबीत ठेवलं. म्हणाले, “हा एवढी वर्षं बोलतोय आणि मला कुणी सांगितलं नाही.” डबी अजून फ्रिजवरच आहे.

मशीनच्या जागी बाबांनी स्वतःची पद्धत बसवली. समोरचा बोलायचा थांबला की त्याचा चेहरा बघायचा आणि ‘हो’, ‘छान’, ‘बघू’ ही तीन उत्तरं पाळीपाळीने, एका वेळी एक, द्यायची. क्रम मोडायचा नाही. एकाच माणसाला दोनदा ‘छान’ म्हटलं तर संशय येतो. माणसाचं जवळपास सगळं आयुष्य या तीन शब्दांत बसतं. एकदाच घोटाळा झाला. न्हाव्याने विचारलं, “काका, मिशी काढून टाकू?” पाळी ‘छान’ची होती. बाबा घरी आले तेव्हा मी दार उघडलं आणि ओरडलो, “बाबा, मिशी कुठे गेली?”

“बघू,” बाबा म्हणाले.

ही पद्धत आई असेपर्यंत लागली नव्हती. आई सोफ्यावर आमच्या मध्ये बसायची आणि टीव्हीतलं प्रत्येक वाक्य परत म्हणायची. “बघा, म्हणते काय, मी चालले! जा की मग. आता तो म्हणतोय थांब. कशाला थांबवतो मेला?” आम्हाला वाटायचं, बाईला खोड आहे. मी तर दोनदा चिडून म्हणालोही होतो, “आई, आम्हाला कान आहेत.” ती म्हणाली होती, “तुला आहेत रे.” ती गेल्यानंतर आठवड्याभराने बाबांनी टीव्हीचा आवाज एवढा वाढवला की वरच्या मजल्यावरचे लोक खाली येऊन मालिकेत पुढे काय झालं ते सांगून गेले. तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ लागला.

ताईला यातलं काही माहीत नाही. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, लग्न करून दुसऱ्या शहरात असते आणि दर रविवारी पाच वाजता व्हिडिओ कॉल करते. फोनवर बाबांना चेहरा नीट दिसत नाही, म्हणून आम्ही तो टीव्हीवर घेतो. कानांचं तिला कळता कामा नये, असं बाबांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं. आईच्या फोटोवर हात ठेवायला लावला होता. म्हणाले, “ती सगळं टाकून धावत येईल. तिचा संसार आहे.”

तर त्या रविवारी ताई कॉलवर आली. हसत होती. इकडचं तिकडचं झालं आणि ती हसतच म्हणाली, “बाबा, आम्ही वेगळे होतोय. ठरलंय आमचं.”

रडू येण्याच्या जरा आधी ताईचा चेहरा हसतो. लहानपणापासूनचं आहे, फोटोग्राफर फार फसतात. बाबांनी चेहरा बघितला. पाळी दुसऱ्या शब्दाची होती.

“छान!” बाबा म्हणाले. चेहरा फारच हसरा असल्यामुळे त्यांनी स्वतःहून भरही घातली. “छान, छान!”

ताई थोडा वेळ तशीच हसत राहिली. मग म्हणाली, “बरं.” मग टीव्हीवर आमचीच दोघांची तोंडं दिसायला लागली आणि नंतर तीही गेली.

“बरी दिसतेय,” बाबा म्हणाले.

दहा मिनिटांनी माझ्या फोनवर ताईचा मेसेज आला. “निदान कुणाला तरी आनंद झाला.”

आता माझ्यापुढे दोन सरळ रस्ते होते. ताईला सांगायचं, की बाबांना ऐकू येत नाही. म्हणजे आईच्या फोटोला तोंड दाखवायचं नाही. किंवा बाबांना सांगायचं, की ताईचा संसार मोडतोय आणि त्यावर तुम्ही तीनदा छान म्हणालात. हे मी आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं. आरशातल्या माणसालाही ते सोसलं नाही. एकेका माणसाला एकेक वाक्य सांगणं काही जमेना, म्हणून मी प्लायवूड आणायला गेलो.

कल्पना शास्त्रीय होती. टीव्हीच्या खाली मधोमध जो आडवा स्पीकर ठेवतात त्याला सेंटर म्हणतात. पाऊस, ट्रक, दारं हे सगळं बाजूच्या दोन स्पीकरांतून येतं आणि माणसांचं बोलणं तेवढं मधल्यातून. माझ्याकडे बाजूचे दोन होते, जुना ॲम्प्लिफायर होता, फक्त मधला नव्हता. म्हणजे आमच्या घरात पाऊस नीट ऐकू येत होता. चांगला सेंटर बसवला की ताई पुढच्या वेळी तेच वाक्य पुन्हा बोलेल, बाबा ते ऐकतील, आणि मधले सगळे ‘छान’ आपोआप निकालात निघतील. कुणाला कुणी काही सांगायचं कारणच उरणार नाही.

तयार सेंटर परवडणारा नव्हता. इंटरनेटवर एका भल्या माणसाने स्वस्तात घरी बनवायचा नकाशा फुकट दिला होता: खोकं एवढ्या लिटरचं, दोन टोकांना पाच-पाच इंची ड्रायव्हर, मध्ये बारीक, चिरक्या आवाजांसाठी छोटा ट्वीटर. ड्रायव्हर म्हणजे स्पीकरमधली ती गोल थरथरणारी वस्तू. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हे ड्रायव्हर आता बनत नाहीत. त्याखाली एकशे चाळीस लोकांनी हळहळ व्यक्त केली होती.

मी बाबांना पाटीवर लिहून दाखवलं, की स्पीकर बनवतोय, पण ड्रायव्हर मिळत नाही.

“रजेवर असेल,” बाबा म्हणाले. “बदली घे.”

बदली मिळाले ते कोपऱ्यावरच्या वाइंडिंगवाल्या काकांकडे. काका पंख्यांच्या आणि पंपांच्या जळलेल्या मोटारी परत गुंडाळतात आणि जगातली प्रत्येक वस्तू ही मुळात बिघडलेली मोटार आहे असं मानतात. मी नकाशा दाखवला. त्यांनी तो उलटा धरून वाचला.

“पाच इंची दोन?” ते म्हणाले. “आहेत की. स्थानकाचे भिंतीवरचे डबे भंगारात निघाले तेव्हा उचललेत मी. फलाट चारचे. यातून तुझा बाप बोलायचा.”

“पण काका, नकाशातले वेगळे आहेत. याचा ओहम, त्याचा आवाज, खोक्याचं माप, सगळं बदलणार.”

“तुला स्पीकर करायचाय का लग्न जुळवायचंय? गोल आहे, वाजतो, अजून काय पाहिजे?”

दोन्हींच्या कडेचा कागद फाटला होता. तो डिंकाने चिकटवला. ट्वीटर एका अपघातग्रस्त गाडीच्या दारातून काढला. कॉइल काकांनी पंख्याच्या तारेची गुंडाळून दिली आणि वेढे मोजता मोजता मध्ये त्यांना गिऱ्हाईक आलं. परत आल्यावर ते म्हणाले, “साठ होते का सत्तर?” मी म्हटलं साठ. ते म्हणाले, “मग आपण पासष्ट धरू.” दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून वाचायला बसावं तसं ते सर्किट झालं. ट्वीटर फार किंचाळायला लागला म्हणून त्याच्यापुढे सिमेंटचा रेझिस्टर टाकला. मग तो कुजबुजायला लागला.

खोक्यात कापूस भरायचा असतो, नाहीतर आवाज आतल्या आत घुमतो. सोफ्यावरच्या तीन उशांपैकी मधली उसवली. ती आता कुणी वापरत नव्हतं. बाबा दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, “सगळा घाल. अर्धा कशाला ठेवतोस.”

बदली ड्रायव्हरांची लोहचुंबकं नकाशापेक्षा मोठी निघाल्यामुळे खोकं उंच झालं, आणि उंच झाल्यामुळे ते टीव्हीखाली मावेना. टीव्ही सहा विटांवर चढवावा लागला. सोफ्यावर बसलं की मान वर करून बघावं लागायचं, जणू टीव्ही खुर्चीवर आहे आणि आपण अर्ज घेऊन आलोय. मधले दोन रविवार ताईचा फोन आला नाही. बाबा दोन्ही वेळा पाच वाजता आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मान वर करून बसले होते.

तिसऱ्या शनिवारी चाचणी घेतली. चाचणीसाठी माणसाचं स्वच्छ बोलणं पाहिजे. आमच्या माहितीत बाबांइतकं स्वच्छ कुणीच बोलत नाही, म्हणून मी त्यांनाच फोनमध्ये काहीतरी बोलायला सांगितलं. त्यांनी गळा साफ केला आणि सकाळपाळीचं अख्खं वेळापत्रक म्हटलं. मग त्यांना खुर्चीवर टीव्हीकडे पाठ करून बसवलं. ओठ बघून ते अधूनमधून एखादा शब्द ओळखतात, हे मला माहीत होतं. फसवाफसवीला जागा ठेवायची नाही, असं मी ठरवलं होतं.

स्पीकर सुरू केला. आमच्या दिवाणखान्यात बसस्थानक आलं. आवाज डब्यातल्यासारखा, कडेला करकरणारा, वर भिंतींचा घुमारा. मला निम्मं कळलं नाही. काकांना अजिबात कळलं नाही. ते म्हणाले, “अगदी ओरिजिनल आहे.”

आणि बाबा, पाठमोरे, ताठ बसून, एकेक वाक्य परत म्हणत होते. “फलाट क्रमांक चारवर उभी असलेली सकाळची पहिली जलद गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. वाहक जिथे असतील तिथून त्यांनी गाडीकडे यावे. प्रवाशांनी खिडकीतून सामान टाकून जागा धरू नये.” एक शब्द चुकला नाही. एक अक्षर नाही. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

फक्त दोन-तीन ठिकाणी बाबा स्पीकरच्या आधी बोलले. टीव्हीतून आवाज कधीकधी जरा मागे पडतो, हे मी वाचलेलं होतं. म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन ते दुरुस्त केलं.

जे वेळापत्रक त्यांनी एकतीस वर्षं, दिवसाला चाळीस वेळा म्हटलं, तेच मी त्यांना ओळखायला दिलं होतं. हे मला तेव्हा सुचलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि काही लोकांचे खूप हाल वाचले असते.

मी ताईला मेसेज केला. “उद्या कॉल कर. बाबांशी परत बोल, पहिल्यापासून. नवा स्पीकर बसवलाय. आता प्रत्येक शब्द स्पष्ट येतो.”

तिने एक अंगठा पाठवला.

रविवारी पाचला ताई पडद्यावर आली. बारीक झाली होती. मागे भिंतीला टेकवून खोक्यांची चळत लावलेली दिसत होती. बाबांनी मान वर केली.

“बाबा, ऐकू येतंय ना?” ताई म्हणाली. खोलीभर घुमलं ते. जणू ती फलाटावर हरवली होती आणि कुणीतरी तिला माईक दिला होता.

“हो,” बाबा म्हणाले.

इथपर्यंत मी खुश होतो. मग माझ्या लक्षात आलं, की ‘हो’ हा पहिला शब्द आहे.

“मागच्या वेळी मी घाईत बोलले,” ताई म्हणाली. “तुम्हीही घाईत बोलला असाल. पुढच्या महिन्यात सह्या आहेत. मला फक्त एकदा विचारायचं होतं, बाबा. तुम्हाला खरंच काय वाटतं?”

बाबांनी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग स्पीकरकडे. मग माझ्याकडे, आणि त्या बघण्यात असं काहीतरी होतं की मला वाटलं, आता हे म्हणतील, अरे, मला काही कळत नाहीये. पण स्पीकर मी बनवला होता. तीन आठवडे ते मला करवत धरताना बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघून किंचित मान हलवली, म्हणजे उत्तम चाललंय, आणि पडद्याकडे वळले.

“छान,” ते म्हणाले.

ताई हसली. फोटोग्राफर फसला असता असं हसली.

मी मनात पुढचा शब्द मोजला. “ताई, एक मिनिट,” मी म्हणालो, “तू आता काही विचारू नकोस. म्हणजे विचार, पण आधी...”

“तू गप रे,” ताई म्हणाली. “तू नेहमी मध्ये असतोस. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.” तिने नाक पुसलं. “बाबा, घर सोडावं लागणार आहे मला. थोडे दिवस तिकडे येऊन राहू का? माझ्या खोलीत?”

मी उडी मारली. नक्की कशावर मारली ते आठवत नाही. वायरवर असावी, कारण बाजूचा स्पीकर पडला. पण मधल्याची वायर मी स्वतः, कधीच निघू नये म्हणून, डाग देऊन जोडली होती.

मान वर करून, इस्त्रीच्या शर्टात, अर्ज घेणाऱ्या साहेबासारखे दिसत बाबा म्हणाले, “बघू.”

पडदा काळा झाला.

 बाबा माझ्याकडे वळून, माझ्या डोळ्यांत बघून, कुणी न विचारता म्हणाले, “मस्त झालाय. शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला.”

“बाबा, काय म्हणाली ती?”

त्यांनी स्पीकरकडे बघून कौतुकाने मान हलवली. मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलो, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि जे वाक्य टाळण्यासाठी एवढं प्लायवूड कापलं होतं ते मोठ्यांदा म्हणालो. “ताईचा संसार मोडलाय. ती विचारतेय, घरी येऊ का?”

“हो,” बाबा म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि ते माझ्या. हा ऐकलेला ‘हो’ होता, की ‘बघू’नंतर येतो तो ‘हो’, हे मला सांगता येणार नाही. डोळे ओले होते. पण माझेही होते, आणि ते चेहरा बघून चालतात. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही, पाटीवर लिहूनसुद्धा नाही; पुढची पाळी ‘छान’ची होती.

ताईला फोन लावला. उचलला नाही. मग आईच्या फोटोची माफी मागून लिहिलं, “बाबांना ऐकू येत नाही. वर्षं झाली. त्यांना कळलंच नाही तू काय म्हणालीस.”

उत्तरादाखल ताईने माझाच शनिवारचा मेसेज मला परत पाठवला. “नवा स्पीकर बसवलाय. आता प्रत्येक शब्द स्पष्ट येतो.” खाली एक ओळ होती. “त्यांना वाचवायला आता एवढ्या थराला जाऊ नकोस.” मग तिने फोन बंद केला. तो अजून बंद आहे.

बाबा रोज सकाळी ताईच्या खोलीची खिडकी उघडतात आणि संध्याकाळी लावतात. पूर्वीही उघडायचे का, ते मी कधी बघितलं नव्हतं. काका म्हणतात कॉइलचे पाच वेढे काढून बघू. मी दुसरीकडे प्रयत्न केला आहे. बाबांच्या जुन्या खात्याचा पत्ता मला पाठ होता, आणि रद्द, बदल, दिलगिरी या गोष्टींचा अधिकार माझ्या ओळखीत फक्त त्या खात्यालाच आहे. पोच मिळालेली नाही. प्रत खाली देत आहे.

प्रति,
मा. प्रमुख, चौकशी व उद्घोषणा कक्ष.

विषय: चुकीची उद्घोषणा मागे घेऊन सुधारित उद्घोषणा करण्याबाबत.

महोदय,

आपले निवृत्त उद्घोषक यांनी गेल्या रविवारी सायंकाळी पाच वाजून सहा मिनिटांनी, आपल्याच फलाट क्रमांक चारच्या ध्वनिक्षेपकांसमोर बसून, स्वतःच्या मुलीस ‘बघू’ असे कळविले. सदर ‘बघू’, तसेच त्यापूर्वीचे एकूण चार ‘छान’, तांत्रिक कारणास्तव रद्द समजण्यात यावेत. पाच वाजून नऊ मिनिटांनी सुटलेला ‘हो’ हा त्याच मुलीसाठी होता, असे गृहीत धरून तो तिच्यापर्यंत सोडण्यात यावा, आणि ती जिथे असेल तिथून तिने घराकडे यावे, अशी उद्घोषणा सर्व फलाटांवर, तिला ऐकू जाईपर्यंत, दर दहा मिनिटांनी करण्यात यावी, ही नम्र विनंती.